घरातला दमटपणा कमी करायचाय? आधी पाणी कुठून येतंय ते शोधा

कपाट उघडलं की तो कुबट वास येतो ना, आणि आत टांगलेला चामड्याचा पट्टा हातात घ्यावा तर त्यावर हिरवट पांढरी लव आलेली, बोटाने पुसली की निघून जाते आणि आठ दिवसांनी परत हजर. माझ्याकडे हे दोन वर्षं चाललं होतं. पहिल्यांदा मी कपाटात वासाच्या पिशव्या टांगल्या. मग कपाट सरकवलं तर मागची भिंत काळी ठिक्कर, म्हणून ती खरवडून वॉटरप्रूफ रंग मारून घेतला, वर्षभरात तोही काळा पडला, म्हणून परत मारला, आणि दुसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की या भिंतीत बाहेरून पाणी येतच नाहीये. पाणी आम्हीच तयार करतोय, रोज, घरातल्या घरात, आणि त्याला बाहेर जायला वाट नाही म्हणून ते घरातला सगळ्यात गार कोपरा गाठून तिथे बसतंय.

तेव्हापासून मी दमटपणाकडे जमाखर्चासारखं बघते. हवेत किती पाणी जातंय आणि किती बाहेर पडतंय. मशीन, पावडर, रंग हे सगळं त्यानंतर.

आधी मीटर

हायग्रोमीटर म्हणून एक छोटं यंत्र मिळतं, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं. ते आणल्याशिवाय पुढचं काही करू नका, कारण आपलं अंग हे अतिशय खोटारडं मीटर आहे, पंखा चालू असला की दमट खोलीपण बरी वाटते आणि पंखा बंद झाला की कोरडी खोलीपण कोंदट वाटते. घरात ४० ते ५० टक्के असेल तर उत्तम, ६० च्या खाली असेल तरी चालेल, सतत ६० च्या वर राहायला लागलं की बुरशीची तयारी सुरू. धुळीतले ते डोळ्याला न दिसणारे किडे, ज्यांच्यामुळे सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात, त्यांनाही ५० च्या वरची हवा मानवते. ३० च्या खाली मात्र न्यायचं नाही, घसा कोरडा पडतो, त्वचा ओढल्यासारखी होते, लाकडाला तडे जातात.

स्वस्तातले मीटर बऱ्याचदा चुकीचं दाखवतात पण ते तपासायला सोपी युक्ती आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू द्यायचं नाही, वर पाणी साचता कामा नये. हे झाकण आणि मीटर एका हवाबंद डब्यात शेजारी शेजारी ठेवा (मीटर मिठात बुडवू नका, हो, मला हे विचारलेलं आहे) आणि डबा सावलीत, जिथे तापमान फार खालीवर होत नाही अशा ठिकाणी एक दिवस ठेवून द्या. त्या डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, तो मिठाचा गुणधर्मच आहे. मीटरने ७९ दाखवलं तर तुमचा मीटर ४ जास्त दाखवतो, तेवढे मनातल्या मनात वजा करत जा, झालं.

मीटर खिडकीत, एसीच्या झोतात किंवा गॅसच्या बाजूला ठेवू नका. दोन मीटर असतील तर एक खोलीच्या मधे आणि दुसरा संशयित कोपऱ्यात, म्हणजे कपाटामागे नाहीतर पलंगाखाली. आठवडाभर सकाळी उठल्यावर, आंघोळी झाल्यावर, स्वयंपाकानंतर आणि झोपताना असे आकडे कुठेतरी टिपून ठेवा. आमच्याकडे आठवड्यातच दिसलं की सगळ्यात मोठी उडी आंघोळीनंतर नाही तर कपडे वाळत घातल्यावर येतेय, ५८ वरून तीन तासात ७४, आणि मी मात्र दोन वर्षं बाथरूमला शिव्या देत होते.

टक्के फसवतात

हा भाग जरा शांतपणे वाचा, कारण एकदा हे डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुचतं. मीटर जे टक्के दाखवतो ते पाणी किती आहे ते नाही दाखवत, त्या तापमानाच्या हवेला जेवढं पाणी पेलवतं त्यातलं किती भरलंय ते दाखवतो. आणि गरम हवेला पाणी जास्त पेलवतं. ३० अंशाला एका घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशाला १७ ग्रॅम, १० अंशाला जेमतेम साडेनऊ. म्हणजे पाणी तेवढंच आणि हवा गार झाली की टक्के आपोआप चढतात, आणि १०० ला टेकले की वाफेचं पाणी होतं. गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम फुटतो तो असा.

आता हे भिंतीला लावून बघा. खोलीत २५ अंश आणि ६० टक्के, मीटर बघून आपण खूश. पण कपाटामागची बाहेरच्या बाजूची भिंत १८ अंशाला आहे, तिथे हवा खेळत नाही, खोलीतली ऊब पोचत नाही. तीच हवा त्या भिंतीला टेकली की तिथे टक्के होतात ९० च्या आसपास. बुरशीला पाण्याचे थेंब लागतच नाहीत, पृष्ठभागाजवळ ८० च्या वर बराच काळ राहिलं की ती धरते. म्हणून मीटर ठीक सांगतो आणि कोपरा काळा होतो. दोघंही खरं बोलतायत.

यावरून दोन उपाय निघतात, एक म्हणजे हवेतलं पाणी कमी करा, दुसरा म्हणजे तो गार कोपरा कमी गार करा किंवा तिथे हवा तरी खेळती ठेवा. दुसऱ्या उपायाला काही खर्च नाही आणि तरी लोक तो सगळ्यात शेवटी करतात. कपाट, पलंगाचं डोकं, सोफा, बाहेरच्या भिंतीपासून निदान ५ ते १० सेंटीमीटर पुढे ओढा. तळहात उभा आत जायला पाहिजे एवढी फट. शक्य असेल तर कपाट आतल्या भिंतीलाच न्या. गादी थेट जमिनीवर असेल तर रोज उठून उभी करा, कारण रात्रभर अंगातून निघालेला घाम गादीतून खाली उतरतो आणि गार फरशीवर जाऊन अडकतो, आणि ते तुम्हाला गादी उलटी करेपर्यंत कळत नाही.

ओल भिंतीतून येतेय का हवेतून?

रंगारी बोलवायच्या आधी हे ठरवा, मी नाही ठरवलं म्हणून दोनदा पैसे घातले. साधारण एक दीड फूट चौरस जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, भिंतीचा तो भाग आधी कोरडा करून घ्या, मग चारही बाजूंनी चिकटपट्टी घट्ट लावून प्लास्टिक भिंतीला सील करा, कुठे फट नको. एक दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला, बारीक दव जमलं असेल किंवा काढल्यावर भिंत ओली गडद दिसली तर पाणी भिंतीतून येतंय. वरच्या बाजूला, खोलीकडे, ओलसर लागलं आणि आत ठणठणीत कोरडं असेल तर खोलीतल्या हवेचं पाणी भिंतीवर बसतंय. माझ्याकडे आतून एकदम कोरडं, वरून बोट फिरवलं तर रेघ उमटली. तो दिवस आणि आजचा, भिंतीला रंग लावलेला नाही.

नुसत्या डोळ्यानेही बरंच कळतं. जमिनीपासून वर चढत गेलेला, साधारण कमरेच्या खालीच थांबलेला पट्टा, त्यावर पांढरा भुगा म्हणजे लोणा, पोपडे, तर ती जमिनीतून वर येणारी ओल. पाऊस पडला की एकाच जागी नकाशासारखा डाग गडद होतो आणि ऊन पडलं की फिका होतो, तर बाहेरून भेग किंवा गच्चीतून झिरपतंय. डाग सुकतच नाही, पाऊस असो नसो, आणि तो बाथरूम किंवा किचनच्या पलीकडच्या भिंतीवर आहे, तर पाइप बघा. पाइपसाठी सोपी परीक्षा म्हणजे घरातले सगळे नळ बंद करायचे, मशीन बंद, फ्लशची टाकी भरू द्यायची, आणि पाण्याच्या मीटरचा आकडा टिपून दोन तास कोणी पाणी वापरायचं नाही. आकडा हलला तर कुठेतरी गळतंय. (सांडपाण्याची गळती यात पकडली जात नाही, तिच्यासाठी बाथरूम दोन तीन दिवस वापरायचं नाही आणि डाग सुकतो का बघायचा.) आणि काळे ठिपके कोपऱ्यात, छताच्या कडेला, खिडकीच्या चौकटीत, फर्निचरच्या मागे असे विखुरलेले असतील, तर ती हवेची ओल, म्हणजे आपलीच.

भिंतीतून पाणी येत असेल तर खाली लिहिलेलं काहीही करून फार फरक पडणार नाही. ते आधी जिथून येतंय तिथे, म्हणजे बाहेरून बंद करावं लागतं. आतून वॉटरप्रूफ रंग मारला की पाणी आतच कोंडतं आणि रंगाला फुगे आणून किंवा दोन हात बाजूला सरकून बाहेर पडतंच. नवीन बांधलेलं घर असेल तर अजून एक गोष्ट, प्लास्टर आणि काँक्रीटमध्ये भरपूर पाणी असतं आणि ते सुकायला महिनोन्महिने जातात, त्या काळात दमट वाटलं तर घाबरू नका पण कपाटं भिंतीला चिकटवून फिट करायची घाईही करू नका.

घरातलं पाणी कुठून येतं

माणूस श्वासातून आणि घामातून दिवसाला लिटरभर तरी पाणी हवेत सोडतो, दोन जण दार खिडक्या बंद करून रात्रभर झोपले की अर्धा लिटर पाणी त्याच खोलीत. सकाळी काचा धूसर दिसतात त्या यामुळे.

गॅस. हे ऐकून मला खरंच नवल वाटलं होतं. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला १ किलो गॅस जळला की त्यातून साधारण दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते, भांड्यातली वाफ वेगळीच, ही नुसती ज्योतीची. रॉकेलचा किंवा बिनधुराड्याचा गॅस हीटर खोलीत लावला तरी तेच, खोली गरम होते आणि ओलीपण होते, शिवाय बंद खोलीत त्या धुराचा जिवाला धोका तो वेगळा. इलेक्ट्रिक हीटर पाणी तयार करत नाही.

कपडे. मशीनमधून पिळून आलेल्या एका घाण्यात दोनेक लिटर पाणी सहज असतं, आणि ते वाळलं म्हणजे गेलं कुठे? हवेत. घरात वाळत घातले तर तुमच्याच हवेत. झाडांना घातलेलं पाणीही जवळजवळ सगळं पानांतून आणि मातीतून हवेतच येतं, दोन चार कुंड्यांनी काही होत नाही पण खोलीत बाग केली असेल तर मीटर बोलेल. उघडा फिश टँक, पाणी साचलेले ट्रे, ओली पायपुसणी, दारामागे लटकलेले ओले टॉवेल हे सगळे किरकोळ चोर, पण रोजचे.

तर आता करायचं काय. कपड्यांपासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त फायदा तिथे आहे. बाहेर वाळवता आले तर प्रश्नच मिटला. नसेल जमत तर मशीनमध्ये जास्त वेगाने किंवा दुसऱ्यांदा स्पिन करा, मोटरने पिळून पाणी काढणं हे हवेतून काढण्यापेक्षा कितीतरी सोपं. मग घरभर, खुर्चीवर, दारावर, पंख्याखाली असे न पसरता एकाच खोलीत स्टँडवर घाला, दोन कपड्यांत बोटभर जागा ठेवून, त्या खोलीचं दार बंद आणि खिडकी किंवा एक्झॉस्ट फॅन चालू. टेबल फॅनचा झोत कपड्यांवर. दार बंद करणं महत्त्वाचं आहे, नाहीतर ती वाफ थेट बेडरूममधल्या कपाटामागे जाते.

बाथरूममध्ये आंघोळीनंतर वायपरने भिंती आणि फरशीवरचं पाणी ओढून मोरीत घाला, दोन मिनिटांचं काम, जे पाणी मोरीत गेलं ते हवेत येत नाही. एक्झॉस्ट फॅन आंघोळ संपल्यावर बंद करायचा नसतो, खरं काम तेव्हा सुरू होतं, २० ते ३० मिनिटं चालू ठेवा, दार बंद ठेवून. पण दाराखाली बोटभर फट हवी, हवा आत यायलाच जागा नसेल तर फॅन नुसता आवाज करतो. फॅन ओढतोय का ते बघायला जाळीवर टिश्यू पेपर धरा, चिकटून राहिला तर ठीक, गळून पडला तर जाळी धुवा, आमच्या जाळीवर धुळीचा असा नमदा बसला होता की मला वाटलं तो जाळीचाच भाग आहे. आणि फॅनचा पाइप घराबाहेर निघतोय ना ते एकदा खात्री करा, काही ठिकाणी तो फॉल्स सीलिंगच्या वर नुसता सोडून दिलेला असतो, म्हणजे सगळी वाफ छतात.

किचनमध्ये भांड्यावर झाकण, उकळी आली की आच मंद, आणि चिमणी किंवा फॅन गॅस पेटवायच्या आधी चालू. काही चिमण्या हवा गाळून परत किचनमध्येच सोडतात, वास आणि तेल अडवतात पण वाफ तशीच आत, तुमची तसली असेल तर खिडकीतला फॅन पण लावा.

खिडकी उघडायची की बंद ठेवायची

यावरून आमच्याकडे रोज वाद व्हायचे. सासूबाई म्हणायच्या हवा खेळती पाहिजे, उघडा. मी म्हणायचे बाहेर पाऊस पडतोय, बंद ठेवा. दोघीही अर्ध्या बरोबर निघालो.

बाहेरच्या हवेत पाणी कमी असेल तर उघडा, जास्त असेल तर बंद ठेवा, नियम इतका साधा आहे, पण टक्के बघून हे ठरत नाही, मघाशी सांगितलं तसं. त्यासाठी बघायचा दवबिंदू, म्हणजे हवा किती गार केली की दव पडेल ते तापमान. हवामानाच्या बऱ्याच ॲपमध्ये बाहेरचा दिलेला असतो. घरातला काढायला ढोबळ सूत्र आहे, आर्द्रता १०० पेक्षा जितकी कमी, त्यातल्या दर ५ टक्क्यांमागे तापमानातून १ अंश वजा करा. (५० टक्क्यांच्या वर असेल तोवर हे चांगलं जुळतं.) घरात ३० अंश आणि ६५ टक्के, म्हणजे ३५ ने कमी, म्हणजे ७ अंश वजा, दवबिंदू २३. बाहेर पावसात २५ अंश आणि ९५ टक्के, १ वजा, दवबिंदू २४. बाहेरचा जास्त. म्हणजे ती गार गार छान वाटणारी झुळूक घरात पाणी घेऊन येतेय. बंद.

उलट थंडीत बाहेर १० अंश आणि ९० टक्के असेल तर आकडा बघून लोक खिडकी लावून घेतात, पण त्या हवेत घनमीटरला साडेआठ ग्रॅमच पाणी आहे, ती आत येऊन २२ अंशाला तापली की ४५ टक्क्यांच्या आसपास येते. थंडीत खिडकी उघडणं म्हणजे फुकटचं डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढून घेणारं मशीन. समोरासमोरच्या दोन खिडक्या पाच दहा मिनिटं पूर्ण उघडा आणि परत लावा, दिवसभर एक फट ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण तेवढ्यात हवा बदलते पण भिंती गार होत नाहीत. स्वयंपाक किंवा आंघोळीच्या वेळी मात्र हिशोब न करता उघडा, तेव्हा आतली हवा जवळजवळ नेहमीच बाहेरच्यापेक्षा ओली असते.

पंख्याबद्दल एकच सांगते, पंखा पाणी काढत नाही. तो घाम वाळवतो, कोपऱ्यात अडकलेली हवा हलवतो, ते उपयोगाचं आहेच, पण मीटरवरचा आकडा त्याने उतरणार नाही.

एसी आणि डीह्युमिडिफायर

एसी पाणी काढतो, गार कॉइलवर वाफ जमते आणि नळीतून बाहेर जाते. म्हणून पहिली तपासणी म्हणजे दमट दिवशी अर्धा तास एसी चालवून नळीतून पाणी टपकतंय का बघा. टपकत नसेल तर नळी तुंबलीय किंवा कॉइल घाण झालीय. ड्राय मोडमध्ये एसी पंखा मंद ठेवतो, त्यामुळे हवा कॉइलपाशी जास्त रेंगाळते आणि गारव्याच्या मानाने पाणी जास्त निघतं, पाऊस आहे पण उकाडा नाही अशा दिवसात हा मोड कामाचा. पंखा ऑटोवर ठेवा, सतत चालू ठेवला तर कॉम्प्रेसर थांबल्यावर ओल्या कॉइलवरचं पाणी तोच पंखा परत खोलीत फुंकतो. आणि खोलीच्या मानाने फार मोठा एसी घेऊ नका. तो दहा मिनिटात खोली गार करून बंद पडतो, पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही, मग खोली गार पण चिकट, गुहेसारखी. तापमान फार खाली ठेवलं तर पलीकडच्या खोलीच्या बाजूने भिंत गार पडते आणि तिथे ओल धरते, हे पण ध्यानात ठेवा.

डीह्युमिडिफायर मी सगळं करून झाल्यावर घेतला, आणि तोही फक्त एका खोलीसाठी. कॉम्प्रेसरवाला घ्यायचा, उबदार हवेत तो सगळ्यात चांगला चालतो. तुमच्याकडे खोली १५ अंशाच्या खालीच असते असं असेल तर डेसिकंट प्रकारचा, म्हणजे पाणी शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा बघा, त्यात कॉइलवर बर्फ धरायचा प्रश्न नसतो. आणि ते जे छोटे गोंडस डबे असतात, अर्धा लिटरची टाकी, आवाज नाही, वीज कमी, ते पेल्टिए प्रकारचे, दिवसाला पाव लिटरभर पाणी काढतात, बंद कपाटात ठीक, खोलीसाठी शोभेची वस्तू. खोक्यावर दिवसाला अमुक लिटर लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा ३० अंश आणि ८० टक्क्याला मोजलेलं असतं, तुमची खोली ६० वर आली की त्याच्या निम्मंही निघणार नाही, मशीन बिघडलं असं समजू नका.

वापरताना दारं खिडक्या बंद. उघड्या खिडकीत तो चालवणं म्हणजे अख्ख्या गावाची हवा वाळवत बसणं. भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, ५० किंवा ५५ वर लावा, फिल्टर महिन्यातून एकदा तरी धुवा, आणि सोय असेल तर नळी लावून पाणी थेट मोरीत सोडा, नाहीतर टाकी भरून तो रात्री दोन वाजता बंद पडतो. आणि हे कोणी विकताना सांगत नाही, त्याने खोली गरम होते. प्रत्येक लिटर पाण्यामागे ०.७ युनिट विजेएवढी उष्णता सुटते, वर मशीनने खाल्लेली वीज आहेच. उन्हाळ्यात बंद खोलीत दोन तीन अंश सहज चढतात, म्हणून तो आम्ही माणूस खोलीत नसताना चालवतो. साठलेलं पाणी पिऊ नका, फरशी पुसायला चालतं.

कपाटासाठी पुड्या, पावडरी

कॅल्शियम क्लोराइडचे डबे किंवा लटकणाऱ्या पिशव्या बंद कपाटात खरंच काम करतात, खाली पाणी साठलेलं दिसतं. पण ते पाणी साधं नाही, खारट रसायन आहे, धातूला गंज चढवतं, चामडं आणि कपडे खराब करतं, कातडीला झोंबतं, सांडू देऊ नका आणि लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. सिलिका जेल छोट्या हवाबंद डब्यासाठी मस्त, कॅमेरा, कागदपत्रं, दागिने. रंग बदलणारे मणी ओले झाले की ओव्हनमध्ये १२० अंशाला दोनेक तास तापवून परत वापरता येतात. निळे मणी टाळा, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे, नारिंगी बघा.

वाटीत मीठ ठेवा हा सल्ला सगळीकडे फिरतो. मीठ ७५ टक्क्यांच्या खाली पाणी ओढतच नाही, आठवतं ना तो डबा. म्हणजे घर ७० वर असेल तर मीठ नुसतं बसून राहतं, आणि ७५ च्या वर गेलं की सादळून पाणी होतं, आणि तोवर तुमच्या भिंतीवर बुरशी आलेली असते. कोळसा वास घेतो, पाणी फारसं नाही. आणि हे सगळं फक्त बंद जागेत. कपाटाचं दार दिवसातून दहादा उघडत असेल किंवा आत दमट कपडे ठेवले जात असतील तर कुठलीच पुडी पुरणार नाही. कपडे इस्त्री करून लगेच आत टाकू नका, तासभर बाहेर टांगा, वाफेची इस्त्री असेल तर जास्तच.

आधीच आलेली बुरशी

हात दीड हात लांबरुंद डाग असेल तर घरी साफ करता येतो, त्याहून मोठा पसारा असेल किंवा घरात कोणाला दमा असेल तर माणूस बोलवा. एन-९५ मास्क, हातमोजे, खोलीचं दार बंद, खिडकी उघडी. कोरडी बुरशी झाडूने किंवा ब्रशने कधीही घासायची नाही, तिची भुकटी घरभर उडते, आधी साबणाच्या पाण्याने फवारून ओली करा मग पुसा, फडकं टाकून द्या, आणि जागा पंख्याने पूर्ण सुकवा. टाइल, काच, धातू यावरची साबणाने निघते. ब्लीच वापरायचंच असेल तर एकटं, टॉयलेट क्लीनरमध्ये किंवा अमोनियात कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो. प्लास्टरवर ब्लीचने काळा रंग जातो पण पाणी आत मुरतं आणि मूळ तसंच राहतं. गादी, उशी, पुठ्ठा, प्लायवूडची पाठ यात आत शिरली असेल तर जीव कितीही अडकला असला तरी टाकून द्या. आणि बुरशीवर रंग मारू नका (मी सांगतेय).

काही सांडलं, गळलं, गालिचा भिजला, तर २४ ते ४८ तासात सुकवायचं हे एक घड्याळ डोक्यात ठेवा, त्यानंतर बुरशी धरायला सुरुवात होते.

आमचं कपाट आता आतल्या भिंतीला आहे, पट्टा त्याच्या आत, आणि जुन्या जागी कपाटामागे जो मीटर होता तो तिथेच एका खिळ्याला टांगलाय, पावसातसुद्धा ६२ च्या वर गेलेला बघितला नाही. मीटरला वर्षातून एकदा परत मिठाच्या डब्यात घालते, कारण ते हळूहळू चुकायला लागतात. माझा यंदा ३ जास्त दाखवतोय, पाठीमागे तशी चिठ्ठी चिकटवून ठेवलीय.